अमेरिकेतल्या आया अंगावर ‘मामा’ लिहून का फिरतायत? एका स्वेटशर्टमागचं मशीन, गणित आणि भीती

रील स्क्रोल करताना हा व्हिडिओ तुमच्यासमोर कधी ना कधी आला असेल. एक अमेरिकन बाई पार्सल उघडते. आतून बदामी किंवा राखाडी रंगाचा साधा स्वेटशर्ट निघतो. छातीवर मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं असतं, ‘मामा’. बाई आधी हसते, मग त्या अक्षरांवरून हात फिरवते आणि पुढच्या क्षणाला ढसाढसा रडायला लागते.

मराठी माणसाला पहिला प्रश्न पडतो तो म्हणजे, यात मामाचा काय संबंध? तर तिकडे लहान मुलं आईलाच ‘मामा’ म्हणतात. आपल्याकडे आईचा भाऊ, त्यांच्याकडे खुद्द आई. हा गोंधळ मिटला की खरा प्रश्न उरतो. चार अक्षरांच्या स्वेटशर्टवर रडण्यासारखं आहे काय?

उत्तर त्या अक्षरांच्या कापडात आहे. नीट बघितलं तर एक अक्षर पिवळ्या बदकांच्या कापडाचं असतं, दुसरं निळ्या पट्ट्यांचं, तिसऱ्यावर छोटे छोटे ढग. हे कापड दुकानातून आणलेलं नसतं. ते तिच्याच बाळाच्या अंगावरचं असतं. दवाखान्यातून घरी आणताना घातलेलं झबलं, पहिल्या वाढदिवसाचा फ्रॉक, रांगताना गुडघ्यावर घासलेला पायजमा. बाळ मोठं झालं, कपडे लहान झाले, टाकून द्यायला मन होईना. मग ते कापून त्याची अक्षरं केली आणि मशीनने स्वेटशर्टवर भरली.

हा प्रकार अमेरिकेत चांगलाच रुळलाय. कुणी छातीवर ‘मामा’ आणि बाहीवर मुलांची नावं भरून घेतं. कुणी ‘मामा, स्थापना २०२१’ असं लिहून घेतं, म्हणजे पहिलं मूल झालं ते वर्ष. एखाद्या जुन्या कंपनीच्या पाटीवर असतं तसं. आणि हे काम करणाऱ्यांत मोठ्या कारखान्यांपेक्षा घरच्या खोलीत एक मशीन टाकून बसलेल्या बायकाच जास्त दिसतात. त्यातल्या बऱ्याच जणी स्वतः आई आहेत. एट्सी नावाची वेबसाइट २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये सुरू झाली, तिथे आणि इन्स्टाग्रामवर त्यांची दुकानं चालतात.

बघताना वाटतं, मशीन आहे, बटण दाबलं की झालं. पण तसं अजिबात नाही.

एका आईसाठीचा दिवस

या धंद्याचा सगळ्यात गर्दीचा काळ म्हणजे मे महिन्याचा दुसरा रविवार, मदर्स डे. तिथल्या किरकोळ व्यापाऱ्यांची संघटना, नॅशनल रिटेल फेडरेशन, दरवर्षी खर्चाचा अंदाज काढते. २०२३ मध्ये तो आकडा होता ३५.७ अब्ज डॉलर.

गंमत म्हणजे ज्या बाईने हा दिवस सुरू केला, तिला हा बाजार बिलकुल मान्य नव्हता. तिचं नाव ॲना जार्विस. तिची आई १९०५ मध्ये गेली. १९०८ च्या मे महिन्यात वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्राफ्टन गावच्या चर्चमध्ये ॲनाने आईच्या आठवणीत प्रार्थना ठेवली आणि ५०० पांढरी कार्नेशन फुलं पाठवली. ती पाठपुरावा करत राहिली आणि १९१४ मध्ये अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी हा दिवस देशभर जाहीर केला.

‘मदर्स डे’ या इंग्रजी शब्दात एकवचन आहे. ‘सगळ्या मातांचा दिवस’ नाही, तर ‘आईचा दिवस’. ॲनाचा आग्रहच तो होता. प्रत्येकाने आपापल्या एका आईला आठवायचं. पुढे फुलवाले, मिठाईवाले आणि ग्रीटिंग कार्डवाले यात उतरले, तेव्हा तिने उरलेलं आयुष्य त्यांच्याशी भांडण्यात घालवलं. आईला चार ओळी हाताने लिहायच्या सोडून लोक छापील कार्ड पाठवतात, याचा तिला राग होता. १९४८ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका सॅनिटोरियममध्ये ती वारली. तिला स्वतःला मूलबाळ नव्हतं.

म्हणजे वाद तेव्हापासूनचा आहे. आईला दिलेली वस्तू बाजारातली एक, की तिच्या एकटीसाठीची? नाव भरलेला स्वेटशर्ट या दोन्हींच्या मधोमध उभा आहे. विकत तर घ्यायचा, पण दुसऱ्या कुणाच्याच कामाला येणार नाही असा.

मशीन भरतकाम शिकलं कधी?

१८२८ मध्ये फ्रान्सच्या म्युलूझ गावात जोस्युए हाइलमन याने भरतकामाचं पहिलं यंत्र बनवलं. एक माणूस कागदावरच्या चित्रावरून दांडा फिरवायचा आणि ओळीने लावलेल्या अनेक सुया तेच चित्र कापडावर उतरवायच्या. १८६३ मध्ये स्वित्झर्लंडच्या इझाक ग्रोब्ली याने पुढची उडी घेतली. शिलाई मशीनसारखा वरून एक दोरा आणि खालून एक दोरा. खालच्या दोऱ्याचा धोटा छोट्या होडीच्या आकाराचा होता, म्हणून मशीनचं नाव पडलं ‘शिफली’, म्हणजे छोटी होडी. पुढे त्याच्या मुलाने भोकं पाडलेल्या कार्डांवरून ते मशीन आपोआप चालवलं. कार्डात भोक कुठे आहे, त्यावरून फ्रेम कुठे सरकायची ते ठरायचं.

आपल्याकडे सुरतेपासून मुंबईपर्यंत एम्ब्रॉयडरीच्या धंद्यात आजही ‘डिझाइन पंच करून आण’ असं म्हणतात, ते या भोकांवरूनच. भोकं गेली, कार्डं गेली, कॉम्प्युटर आला, पण शब्द राहिला.

मग जपानी कंपन्यांनी एकाच वेळी अनेक हेड चालवणारी मशीनं आणली. शाळेच्या गणवेशावरचा बिल्ला, साडीचा काठ, क्रिकेटच्या जर्सीवरचं नाव या मशीनांवर निघतं. ती कारखान्याची मशीनं होती. १९९० मध्ये जपानच्या जानोमे कंपनीने घरी ठेवता येईल असं कॉम्प्युटरवर चालणारं भरतकामाचं मशीन बाजारात आणलं आणि हे काम स्वयंपाकघरातल्या टेबलापर्यंत पोचलं. आज अमेरिकेत काही शे डॉलरचं एका सुईचं छोटं मशीनही मिळतं आणि हजारो डॉलरचं दहा सुयांचंही.

मशीनला अक्षर कळत नाही, टाका कळतो

तुम्ही मोबाइलवर ‘मामा’ टाइप करून फोटो पाठवला, तर मशीनला त्याचा काहीच उपयोग नाही. मशीनला फक्त एवढंच कळतं की, पुढचा टाका इथून किती डावीकडे आणि किती वर. त्यामुळे प्रत्येक अक्षराचं टाक्यांत भाषांतर करावं लागतं. तेच पंचिंग. ताजिमा कंपनीची फाइल असेल तर ‘डीएसटी’, ब्रदरची असेल तर ‘पीईएस’. आत मुख्यतः हजारो टाक्यांची यादी असते.

पंच करणाऱ्याला तीन गोष्टी ठरवाव्या लागतात.

पहिली, टाका कोणता. बारीक रेघेसाठी साधा धावता टाका. अक्षराच्या जाड दांड्यासाठी सॅटिन, म्हणजे या काठापासून त्या काठापर्यंत चमकदार आडवे टाके. आणि मोठा भाग भरायचा असेल तर फिल, विटांच्या भिंतीसारखे टाके.

दुसरी, खालचा पाया. वरचे टाके थेट कापडावर घातले तर ते रुततात. म्हणून आधी विरळ टाक्यांचा एक थर घालतात, त्याला अंडरले म्हणतात. भिंतीला रंगाआधी प्रायमर देतात, तसं.

तिसरी, ओढ. दोरा कापडाला आत खेचतो. स्क्रीनवर गोल दिसणारा ‘ओ’ कापडावर अंड्यासारखा होतो. म्हणून तो आधीच थोडा रुंद काढून ठेवायचा, म्हणजे ओढ बसल्यावर बरोबर गोल होतो. स्क्रीनवर चुकीचं काढायचं, तेव्हा कापडावर बरोबर येतं!

स्वेटशर्ट हे कापडच अवघड

शर्टाचं सुती कापड विणलेलं असतं, ताणलं तरी फारसं हलत नाही. स्वेटशर्ट आणि टी-शर्ट मात्र होजियरीचे. म्हणजे आत दोऱ्याच्या कड्या एकात एक अडकवलेल्या. ते ताणतं, परत येतं आणि टाक्यांच्या ओझ्याने चुरगळतं.

म्हणून आतून बॅकिंगचा कागदासारखा थर लावतात. यात दोन प्रकार. एक काम झाल्यावर फाडून टाकायचा आणि एक कात्रीने कापून थोडा आतच ठेवायचा. ताणणाऱ्या कपड्याला दुसराच लागतो. फाडायचा लावला तर कपडा मशीनवरून उतरताना झकास दिसतो आणि दोन-चार धुण्यांनंतर अक्षरं गोळा होतात. स्वेटशर्टचं कापड जाड, लवदार असेल तर वरूनही पाण्यात विरघळणारी पातळ फिल्म ठेवतात, म्हणजे टाके त्यात बुडत नाहीत. सुई टोकदार नाही, गोल टोकाची लावतात. ती दोऱ्याची कडी तोडत नाही, बाजूला सारून जाते.

मग फ्रेम. कापड फ्रेममध्ये बसवायचं, पण ढोलासारखं ताणायचं नाही. ताणून भरलं तर फ्रेम काढल्यावर कापड मूळ मापाला परत येतं आणि अक्षराभोवती सुरकुत्या पडतात. म्हणून अनेक जणी फक्त बॅकिंग फ्रेममध्ये अडकवतात आणि त्यावर स्वेटशर्ट हलकेच चिकटवतात.

आणि मग तो अपघात, जो हे काम करणाऱ्या बहुतेक जणींच्या हातून एकदा तरी होतो. स्वेटशर्ट हा शेवटी एक बोगदा आहे. पुढचा भाग मशीनवर, मागचा भाग गोळा करून बाजूला सारलेला. तो मागचा भाग नकळत सुईखाली सरकला की पुढचा आणि मागचा भाग एकत्र शिवला जातो. मशीन तक्रार करत नाही. ते आनंदाने पूर्ण ‘मामा’ भरून देतं. फक्त त्या कपड्यात आता कुणालाच शिरता येत नाही.

बाहीवर मुलांची नावं भरणं तर आणखी त्रासाचं. बाही अरुंद, घरच्या सपाट मशीनवर ती चढतच नाही. मग बाहीची शिलाई उसवायची, सपाट करून नाव भरायचं आणि पुन्हा शिवायची. पाच अक्षरांच्या नावासाठी एवढा खटाटोप.

खरी भीती कात्रीची

आता परत त्या बाळाच्या कपड्यांकडे येऊ.

स्वेटशर्ट बिघडला तर नवीन आणता येतो. दोरा तुटला तर परत ओवता येतो. पण गिऱ्हाइकाने पोस्टाने पाठवलेलं झबलं एकच असतं. त्याला कात्री लागली की ते झबलं राहत नाही.

पद्धत अशी असते. बाळाचे कपडेही होजियरीचेच, म्हणून आधी मागून इस्त्रीने फ्यूजिंग चिकटवायचं, म्हणजे ते ताणत नाहीत. मग मशीन स्वेटशर्टवर अक्षराची फक्त बाहेरची रेघ मारतं. त्या रेघेवर बाळाचं कापड ठेवायचं. मशीन दुसरी रेघ मारून ते पक्कं करतं. मग मशीन थांबवून बाहेरचं जादा कापड अगदी टाक्याला लागून कापायचं. कापताना कात्रीचं टोक मिलिमीटरभर आत गेलं तर स्वेटशर्टला भोक, मिलिमीटरभर बाहेर राहिलं तर किनारीतून धागे बाहेर. शेवटी मशीन काठावरून दाट सॅटिन टाका घालून सगळं झाकतं. या पूर्ण कामाला ॲप्लिक म्हणतात.

शिवाय नवजात बाळाचं झबलं असतं केवढं? त्यात बटणं, शिवणी आणि गळा सोडला तर जेमतेम एखाददुसरं अक्षर निघतं. आणि ते बदक अक्षराच्या बरोबर मध्यभागी आलं पाहिजे, अर्धं कापलेलं नको. दुसरा प्रयत्न नसतो.

काही पार्सलांतलं बाळ आता शाळेत जात असतं. काही पार्सलांतलं बाळ घरी आलेलंच नसतं. त्या आईकडे उरलेल्या वस्तू मोजक्याच आणि त्यातलीच एक तिने अनोळखी बाईच्या कात्रीवर भरवसा ठेवून पाठवलेली असते. म्हणून हे काम नीट करणाऱ्या बायका कापण्याआधी कपड्याचा फोटो काढतात, कोणतं अक्षर कोणत्या कापडाचं ते गिऱ्हाइकाला विचारतात आणि उरलेले तुकडे, अगदी चिंधीसुद्धा, परत पाठवतात.

मग महाग वाटतो, तो का?

कारखान्यात एक डिझाइन एकदा पंच होतं आणि शेकडो शर्टांवर निघतं. पंचिंगचा खर्च शेकडोंत वाटला जातो. इथे प्रत्येक स्वेटशर्टचं नाव वेगळं, कापड वेगळं, मापं वेगळी. प्रत्येक नगासाठी सगळी तयारी पहिल्यापासून.

थोडं गणित करू. समजा डिझाइन २०,००० टाक्यांचं आहे आणि मशीन मिनिटाला ६०० टाके घालतंय. म्हणजे नुसती सुई ३३ मिनिटं चालणार. एका सुईचं मशीन असेल तर प्रत्येक रंगाला थांबून दोरा बदलायचा. घरच्या मशीनची फ्रेम बऱ्याचदा ५ बाय ७ इंचांची असते आणि छातीवरचं ‘मामा’ १० इंच रुंद. म्हणजे एकाच शब्दासाठी फ्रेम पुन्हा पुन्हा लावायची आणि अक्षरं एका रेषेत राहतील याची काळजी घ्यायची. त्यात मोजमाप, इस्त्री, कापणं, आतले दोरे साफ करणं, पॅकिंग धरलं तर अर्ध्या तासाचं काम कित्येक तासांवर जातं.

छपाईचा स्वेटशर्ट स्वस्त पडतो तो यामुळेच. तिथे शाई बसते, इथे वेळ बसतो.

आणि ‘मामा’ऐवजी ‘आई’ लिहायचं असेल तर?

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांना हा प्रश्न पडतोच, कारण ‘मामा’ लिहिलेला स्वेटशर्ट घालून व्हिडिओ कॉलवर बसलं की आजी पहिलं काय विचारणार हे सांगायला नको.

‘आई’ दोनच अक्षरांचा शब्द, पण मशीनसाठी तो सोपा नाही. घरच्या मशीनमध्ये आधीपासून भरलेले फॉन्ट बहुतेक रोमन असतात. रोमन मोठी अक्षरं सुटी सुटी उभी राहतात. देवनागरी शिरोरेषेला लटकते. प्रत्येक अक्षर वेगळं पंच करून शेजारी ठेवलं, तर दोन शिरोरेषा जिथे भेटतात तिथे टाक्यांवर टाके चढून गाठ दिसते, नाहीतर मध्ये फट पडते. म्हणून पूर्ण शब्द एक चित्र समजून पंच करावा लागतो आणि शिरोरेषा सगळ्यात शेवटी, एका दमात घ्यावी लागते. अनुस्वाराचा ठिपका फार लहान केला तर स्वेटशर्टच्या लवेत गायब होतो. ‘ई’च्या डोक्यावरचा आकडा शिरोरेषेत मिसळला तर ‘आई’ची ‘आइ’ होते.

त्याहून मोठा धोका वेलांटीचा. काही सॉफ्टवेअरना देवनागरी नीट जोडता येत नाही. तुम्ही ‘शिवानी’ टाइप करता आणि पहिली वेलांटी ‘श’ सोडून ‘व’ला जाऊन चिकटते. पंच करणाऱ्याला मराठी वाचता येत नसेल, तर त्याला यात काहीच चुकलेलं दिसत नाही. आणि छपाई पुसट होते, भरतकाम होत नाही. उसवलं तर सुईची हजारो भोकं मागे राहतात.

म्हणून असं काही करून घ्यायचं असेल, तर चार गोष्टी लक्षात ठेवा. नाव टाइप करून पाठवू नका, त्याचा फोटो किंवा पीडीएफ पाठवा. भरण्याआधी पंच केलेल्या डिझाइनचा स्क्रीनशॉट मागवा आणि तो घरातल्या दुसऱ्या माणसाला वाचायला द्या. अंगाला लागणाऱ्या बाजूला, आतून, मऊ अस्तर इस्त्रीने चिकटवून मागा, कारण टाक्यांची मागची बाजू टोचते. आणि धुताना कपडा उलटा करून थंड पाण्यात धुवा, अक्षरांवर थेट इस्त्री फिरवू नका.

ही गोष्ट आपल्याला नवी आहे का?

तसं बघितलं तर नाही. फक्त आपल्याकडे ती उलट दिशेने चालते.

मराठी घरात बाळ येणार म्हटलं की आजी ट्रंक उघडते. वापरून वापरून मऊ झालेली लुगडी, आईच्या जुन्या सुती साड्या बाहेर निघतात. त्यांची दुपटी होतात, एकावर एक थर घालून हाताने धावदोरा मारत गोधडी होते. नवं कापड बाळाला टोचतं, हे एक कारण. पण दुसरंही आहेच. बाळ आईच्या कापडात झोपतं.

तिथे आईचं कापड बाळाच्या अंगावर जातं. अमेरिकेतल्या या स्वेटशर्टमध्ये बाळाचं कापड आईच्या अंगावर येतं. मधे मशीन आलं, सॉफ्टवेअर आलं, कुरियर आलं. पण जुनं कापड टाकवत नाही, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच.

ॲना जार्विसला हा स्वेटशर्ट आवडला असता का, ते कुणी सांगावं. विकत घेतलेला म्हणून कदाचित नसता आवडला. पण त्यातली एक गोष्ट तिच्या एकवचनाशी जुळते. हा कपडा जगातल्या एकाच आईला बसतो.

त्यामुळे पुढच्या वेळी ती रील समोर आली आणि स्वेटशर्टवर ‘मामा’ वाचून हसू आलं, तर अक्षरांकडे जरा झूम करून बघा. आणि घरी कपाटाच्या तळाशी तुमचं झबलं आईने अजून जपून ठेवलंय का, ते एकदा विचारा. बहुतेक ठेवलेलं असतं.